नारळाआधी विचारतात ते

तुळशी त्या दिवशी हनोख तेल्याच्या घाण्यावर गेली ती काही सिनेमा बघायला नव्हे. ती गेली होती आपल्या शिडावर नजर ठेवायला.

ते शीड म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मोरूचा, खुळेपणा. माणूस आधी होडी बांधतो आणि मग शीड शिवतो. मोरूनं उलटं केलं. बाळाजी नाखव्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबता राबता एक दिवस त्याच्या डोक्यानं घेतलं, की स्वतःची होडी व्हायची तेव्हा होईल, शीड तरी आपलं असावं. सगळा कोळीवाडा पोट धरून हसला. ‘मोरू, आता वारा कधी विकत घेतोस?’ असं जो तो विचारायचा, आणि मोरूही त्यांच्यात हसायचा. मग गेल्या पौषात मोरू खाडीच्या तोंडाशी बुडाला आणि शीड घराच्या माळ्यावर राहिलं, एकदाही वारा न प्यालेलं, पांढरंशुभ्र.

सन बासष्टच्या श्रावणात, शुद्ध नवमीला, सकाळीच रिबकाबाई भिजत कोळीवाड्यात आली. रिबकाबाई ही हनोख तेल्याची बायको. हे रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणतं. ते इथे कधी आले हे त्यांनाही धड सांगता येत नाही. बोलतात आपल्यासारखं, नेसतात आपल्यासारखं, फक्त मासळी घेताना खवलं आहेत की नाहीत ते बघतात. तुळशी वर्षानुवर्षं त्यांच्या घरी मासळी घालायची आणि कोलंबीची टोपली त्यांच्या उंबऱ्यापासून लांब ठेवायची.

“तुळशी, रागावू नकोस हो,” रिबकाबाई म्हणाली. “मोरूचं ते शीड आहे ना माळ्यावर? एका दुपारपुरतं देशील?”

त्या दिवशी त्यांचा बिरड्याचा रोजा होता. फार जुन्या काळी शत्रूनं त्यांचं देऊळ पाडलं, त्या दुःखाचा हा उपास. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि बसायचं ते जमिनीवर. यंदा त्यांच्याच जातीचे एक मास्तर मुंबईहून मुद्दाम या दिवसासाठी फिल्म घेऊन आले होते. मशीन नीट आलं, ते चालवायचं इंजिन नीट आलं, पण पडदा एसटीच्या टपावर भिजून चिखलानं असा माखला होता की त्याच्यावर देवाचंसुद्धा तोंड दिसलं नसतं.

शीड द्यायचं तुळशीच्या जिवावर आलं. पण मोरू गेला तेव्हा ही बाई रोज येऊन तिच्या ओट्यावर बसायची, काही न बोलता, काही न विचारता. तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

“देते,” तुळशी म्हणाली. “पन खिळं मारायचं न्हाईत. दोरीनं बांधायचं. आनि मी तिथं हुबी ऱ्हानार.”

अशी ती घाण्यावर उभी राहिली. बैलाला सुट्टी होती. खिडक्यांना गोणपाटं लावून भर दुपारी अंधार केलेला, आत तिळाच्या तेलाचा वास, आणि चटयांवर बसलेली तेल्यांची घरं, उपाशी, गप्प. तुळशी दाराशी भिंतीला टेकली. सिनेमा तिनं एकदाच बघितला होता, अलिबागला, मोरूबरोबर. त्यात गाणी होती आणि शेवटी लग्न होतं. इथेही तसलंच काही असेल आणि तेवढ्यासाठी उपाशी माणसांना कशाला छळतात, असं तिला वाटलं.

शिडावर उजेड पडला. त्यात एक माणूस येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. मागे नुसती भिंत. तो बोलून गेला की दुसरा आला. ना गाणं, ना नाच. बोली कोणालाच कळत नव्हती. मास्तर शिडाच्या बाजूला उभे राहून ते काय म्हणतात ते मराठीत सांगत होते.

“हे आपले लोक आहेत,” मास्तरांनी सुरुवातीला सांगितलं. “लढाईच्या वेळी जर्मनीत हिटलरचं राज्य होतं. त्यानं आपले साठ लाख लोक मारले. बायका, म्हातारे, तान्ही पोरं, कोणाला सोडलं नाही. गाव गाव गाडीत कोंबून नेलं आणि मारलं. ही माणसं त्यातून वाचली. यांनी डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच ती सांगतायत.”

लढाई तुळशीला ठाऊक होती ती एवढीच, की तिच्या लहानपणी त्या लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं होतं. साठ लाख म्हणजे किती हे तिच्या डोक्यात शिरेना. पण शिडावर एक म्हातारा सांगत होता, की आम्हांला रस्त्यातून चालवत नेलं तेव्हा आमचे शेजारी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते, आणि एका घरात तर चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याचा वास येत होता. तो वास मात्र तिला कळला. ती भिंतीपासून सरळ झाली.

मग एक बाई आली. साधी बाई, बाजारात भाव पाडून मागेल अशी. शिडाची शिवण नेमकी तिच्या कपाळावरून आडवी गेली होती. ती हळू बोलत होती आणि रडत नव्हती.

“ती म्हणते, मी कुंपणाच्या आत होते,” मास्तर सांगू लागले. “पलीकडून एक रांग चालली होती. त्या रांगेतून कोणी परत येत नसे, ते आम्हांला माहीत होतं. त्या रांगेत माझी धाकटी बहीण होती.”

शिडावर न दिसणाऱ्या कुणीतरी तिला काही विचारलं.

“विचारतात, इतक्या लांबून बहीण कशी ओळखलीत? तोंड दिसत होतं का?” मास्तर म्हणाले, मग बाईचं उत्तर सांगितलं. “ती म्हणते, तोंड कशाला दिसायला हवं? ती लहानपणापासून डावा पाय आत टाकून चालायची.”

तुळशी दारापासून दोन पावलं पुढे आली.

कारण हाच प्रश्न तिलाही विचारला होता. पौषात, कोळीवाड्याच्या पंचांनी. त्या दिवशी ओहोटीला ती आणि गोदू खाडीतोंडाच्या खडकांवर कालवं फोडत होत्या. गोदू तिची मैत्रीण, बाळाजीची मोठी होडी हाकणारा तांडेल चंदर, त्याची बायको. दोघींनी बघितलं की बाळाजीची धाकटी होडी पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर आपटली आणि लाटेनं पालथी झाली. मोरू, नामा आणि शिवदास, तिघंही वर आले, पालथ्या होडीला धरून राहिले. हात हलवत होते. तेवढ्यात मागून मोठी होडी आली, मासळीनं भरलेली, पुढच्या टोकाला नाळेवर स्वतः बाळाजी आणि मागे सुकाणूवर चंदर. ती होडी जवळून गेली. वळली नाही. दोरी टाकली नाही. तुळशी खडकावरून गळा फाटेपर्यंत ओरडली. मग बांधावर मोठ्या लाटा आल्या, आणि त्यानंतर पालथ्या होडीवर कुणी नव्हतं.

बाळाजीनं किनाऱ्यावर येऊन सांगितलं, की आम्ही पोचलो तेव्हा होडीवर कुणीच नव्हतं. तुळशीनं पंचांपुढे सांगितलं, की होते. पंच म्हणाले, इतक्या लांबून मोरू कसा ओळखलास? तोंड दिसलं का? ती गप्प झाली, कारण तोंड दिसलं नव्हतं. गोदूला विचारलं तर तिनं कानांवर हात ठेवले, मी खाली मान घालून कालवं फोडत होते म्हणाली. पंचांनी तुळशीला पाणी पाजून घरी पाठवलं. नवऱ्याच्या दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

शिडावरची बाई पुढे बोलत होती. लढाई संपल्यावर मी गावी परतले, ती म्हणत होती. शेजाऱ्यांना सांगायला गेले तर म्हणाले, झालं गेलं विसर, आता कशाला उकरतेस? मी गप्प बसले की माझी बहीण त्या रांगेत एकटी चालताना दिसते. म्हणून मी सांगते. पुन्हा विचाराल तर पुन्हा सांगेन.

आणि मग ती बाई नावं घ्यायला लागली. बहिणीचं घेतलं, आईचं घेतलं, मग गल्लीतल्या एकेका घरातली. मास्तरांनी सांगायचं थांबवलं, कारण सांगायची गरजच उरली नव्हती. नावांना मराठी लागत नाही. राहेल. मोशे. हनोख. चटईवर बसलेल्या हनोख तेल्यानं झटक्यात मान वर केली. आणखी दोनचार नावं गेली आणि ती बाई म्हणाली, रिवका. रिबकाबाईनं तोंडात पदर कोंबला. हजार कोस दूरच्या कुठल्या गावातली ती माणसं, आणि त्यांची नावं या घाण्यावर जमिनीवर बसली होती. मग एकेकाला रडू फुटलं, आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

तुळशीला रडू आलं नाही. तिला राग आला. शिडाची दोरी सैल झाली होती तीसुद्धा तिच्या लक्षात आली नाही.

दिवस मावळल्यावर त्यांनी उपास सोडला. शीड घडी करून काखेत घेतलेली तुळशी निघता निघता मास्तरांपुढे थांबली.

“मास्तर, त्या बाईला भ्या न्हाय वाटलं? एवढ्या लोकांपुढं?”

“वाटलं असेल,” मास्तर म्हणाले. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. “पण भीतीपेक्षा दुसरीच अडचण होती बाई. कितीतरी वर्षं तिला कुणी विचारलंच नाही. विचारल्याशिवाय माणूस सांगणार कसं?”

तुळशीनं काखेतलं शीड सावरलं. “आमच्यात इचारतात,” ती हळूच म्हणाली.

“काय विचारतात?”

“नारळी पुनवेला. नारळाआधी.”

मास्तरांना काही कळलं नाही. रिबकाबाईला कळलं, आणि तिच्या हातातला पेला तिथेच थांबला. जन्म या किनाऱ्यावर गेलेला, तिला ठाऊक नसेल तर कुणाला?

या कोळीवाड्याची रीत अशी. पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला पाटील गुडघाभर पाण्यात उभा राहून दर्याला नारळ देतो, आणि मग त्या वर्षीची पहिली होडी पाण्यात जाते. पण नारळ द्यायच्या आधी पाटलानं किनाऱ्याकडे तोंड करून विचारायचं, ‘कुनाचं काय मागनं हाय का?’ किनाऱ्यावर कुणाच्या मनात सल ठेवून होडी दर्यात न्यायची नाही, असा जुन्या माणसांचा नेम. सगळ्यांनी ‘न्हाय’ म्हटलं की नारळ पाण्यात. आता सगळा गाव नटूनथटून ढोल घेऊन उभा असताना मागणं कोण काढणार? त्यामुळे पाटलाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘न्हाय’चा गजर होतो आणि ढोल सुरू होतो. कुणी ‘हाय’ म्हटलं तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नाही, कारण कुणी कधी म्हटलेलंच नाही.

घरी येऊन तुळशीनं सासूला सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नसे.

सोनूबाई चुलीशी बसली होती. मोरू तिचा एकुलता एक. तो गेल्यापासून म्हातारी अर्धी झाली होती, पण जीभ शाबूत होती. “तेल्यांच्या घरी रडं बघून आलीस आनि आता आमच्या घरात आननार?” ती म्हणाली. “त्यांचं दुख केवढं, तुजं केवढं!”

“त्यांचं दुख मी माज्या टोपलीत भरत न्हाय, आई. त्याला टोपली पुरायची न्हाय. पन ती बाई बोलली, आनि मी गप बसले.”

“मंग बस की गप! मोरूला दर्यानं नेला. एका घोटात नेला. आईनं लेकराला कुशीत घ्यावं तसा. मी रोज तेवढं मनात आनते आनि डोळं मिटते. त्यावर माजी रात जाते, तुळशे. तेवढं मला ठेव.”

पंचांची भीती तुळशीला नव्हती, बाळाजीची नव्हती, पण ही म्हातारी चुलीच्या उजेडात तोंड फिरवून बसली तेव्हा तिचा जीव कळवळला. आपण सांगायचं ते खरं, पण ज्या खोट्यावर ही जगते ते काढून घ्यायचा आपल्याला काय हक्क, असं तिच्या मनात आलं. त्या रात्री ते मनात आलं, आणि दुसऱ्या दिवशीही गेलं नाही.

बाळाजीला वास लागायला वेळ लागला नाही. शीड परत आणताना तुळशी गोदूला वाटेत भेटली होती. ‘पुनवेला मी सांगनार हाय,’ तिनं गोदूला तोंडावर सांगितलं होतं, ‘तुला ठाऊक असावं म्हनून सांगते.’ गोदू तशीच वळून गेली होती. त्यानंतर दोनच दिवसांत बाळाजी ओट्यावर येऊन बसला.

बाळाजी काही राक्षस नव्हता. मोरूच्या दिवसांचा सगळा खर्च त्यानं केला होता आणि तेव्हापासून आपल्या होडीची मासळी तो तुळशीला आधी द्यायचा. म्हणूनच त्याच्यापुढे बोलायला जड जात असे.

“टोपली कोन देतं तुला?” त्यानं शांतपणे विचारलं.

“तुमी देता, नाखवा.”

“यंदा बी देईन. म्हातारीला बी काय कमी पडू देनार न्हाय. पुनवेला घरी ऱ्हा. विधवेनं तसं बी म्होरं येऊ नये.”

“आनि आले तर?”

“तर माज्या होडीची मासळी तुज्या टोपलीत पडनार न्हाय. दुसऱ्या कुनाच्या बी होडीची पडनार न्हाय. कोळीवाड्यात मासळीबिगर कोळीन काय करती, ते बघ मंग.”

तो गेला. आत सोनूबाई सगळं ऐकत होती. तुळशी रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. भीती वाटत होती, नाही असं नाही. हातावर पोट असलेल्या बाईला असं सांगितलं की पायाखालची वाळू सरकतेच. पण गंमत अशी, की बाळाजी येईपर्यंत ती दोन मनांची होती, आणि तो गेल्यावर एका मनाची झाली. होडीवर कुणी नव्हतं हे खरं असतं, तर टोपलीवर एवढा मोठा पहारा कशाला बसवला असता?

पौर्णिमेला पाऊस थांबला. दुपारची भरती चढत होती. बायका हिरव्या-पिवळ्या लुगड्यांत, केसांत वेण्या, पुरुषांच्या डोक्यावर लाल टोप्या. बाळाजीची मोठी होडी पताकांनी सजून पाण्याच्या काठाशी उभी होती, कारण यंदा पहिल्या होडीचा मान तिचा होता. चंदर सुकाणूशी चढून बसला होता. गोदू बायकांत पुढे होती. काळूराम पाटील सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ छातीशी धरून पाण्यात शिरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि किनाऱ्याकडे वळला.

“कुनाचं काय मागनं हाय का?”

“न्हाऽऽय!” सगळे म्हणाले आणि ढोलावर टिपरी पडली.

“हाय,” तुळशी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती माणसांतून वाट काढत पुढे आली, पाण्यात उतरली, पाटलासमोर उभी राहिली आणि तेवढ्यानंही भागेना म्हणून तिनं तोच आवाज काढला ज्यानं ती भर बाजारात मासळी विकते. “हाय! माजं मागनं हाय!”

ढोल थांबला. काळूराम पाटलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर दार ठोठावत आलेल्या माणसाला आज आतून ओ आली होती.

“बाय, आज सनाचा दिस...” तो म्हणाला.

“तुमी इचारलंत, पाटील. दर साल इचारता. मी सांगते.” आणि तिनं सांगितलं. खडक, ओहोटी, पालथी होडी, तिघांचे हात. मोठी होडी जवळून गेली ती. बाळाजी नाळेवर होता तो. ती हळू बोलली आणि रडली नाही.

“येडी हाय ती!” बाळाजी पुढे आला. “पंचांनी तवाच इचारलं. इतक्या लांबून मोरू कसा वळकला, सांगता आलं न्हाय तिला.”

“तवा न्हाय आलं. आता येतं,” तुळशी म्हणाली. “मोरू हाक मारताना उजवा हात डोक्यावर ठेवायचा. टोपी उडेल म्हनून. टोपी नसली तरी ठेवायचा. त्या दिशी तिघांतला एक डोक्यावर हात ठेवून हाका मारीत व्हता. तो माजा नवरा. तोंड कशाला दिसायला पायजे?”

गर्दीत कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. मोरूचा तो हात सगळ्या कोळीवाड्यानं बघितला होता.

“वळलो असतो तर माजी सात मान्सं गेली असती!” बाळाजी ओरडला. ओरडून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. इतके महिने तो म्हणत आला होता की होडीवर कुणी नव्हतंच.

“गेली असती,” तुळशी म्हणाली. “कदाचित गेली बी असती. त्याचा न्याय मी करीत न्हाय. पन होडीवर कुनी न्हवतं असं तुमी सांगितलंत. व्हतं. जित्तं व्हतं. हाका मारत व्हतं. माजं मागनं एवढंच, की ते तुमी हितं बोलावं.”

बाळाजीनं होडीकडे तोंड फिरवलं. पाटलानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सवयीनं पुन्हा विचारलं, “कुनाचं काय मागनं...” तो मध्येच थांबला, पण या वेळी ‘न्हाय’ म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

“पुना इचारलंत तर पुना सांगेन,” तुळशी म्हणाली. तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं. “नारळ ऱ्हाईल तुमच्या हातात, भरती सरंल. मी हितंच हाय.” आणि तिनं खडकापासून सुरुवात केली.

तिचं दुसऱ्यांदा सांगणं मोठ्या होडीपर्यंत आलं तेव्हा गोदूनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. चंदरनं सुकाणूवरचा हात काढला. तो होडीवरून पाण्यात उतरला. डोक्यावरची लाल टोपी त्यानं हातात घेतली होती.

“मोरू माजं नाव घेत व्हता,” तो म्हणाला. “चंदर, दोर टाक, म्हनत व्हता.”

“चंदर!” बाळाजी म्हणाला, पण त्या आवाजात आता नाखवा नव्हता.

“नाखवा म्हनाले, बघू नको, सुकानू सरळ धर. म्या धरलं. सुकानू माज्या हातात व्हतं.”

तुळशीला वाटलं होतं की हे ऐकून आपली छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट तिला एकदम सोनूबाईची आठवण झाली आणि तिनं घाबरून मागे बघितलं. म्हातारी घरी राहीन म्हणाली होती. ती घरी राहिली नव्हती. बायका बाजूला सरत होत्या आणि त्यांच्यामधून ती काठी टेकत येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘एका घोटात’ आता उरलं नव्हतं.

“आई,” तुळशी पाण्यातून धावली आणि तिनं म्हातारीचा हात धरला. “आई, चल घरी. मला माफ कर, चल.”

सोनूबाईनं तिचा हात झिडकारला नाही, पण ती हललीही नाही. ती चंदरकडे बघत होती. “किती येळ?” तिनं विचारलं.

“खाडीच्या वळनापातुर ऐकू येत व्हतं,” चंदर म्हणाला.

म्हातारीचे ओठ हलले. खाडीचं वळण तिथून दिसत होतं. तिनं तिकडे बघितलं, पाण्यावरून नजर हळूहळू मागे आणली, खडकांपर्यंत. इतका वेळ तिचा मोरू ओरडत होता आणि ती घरात चुलीशी होती. म्हातारी आता छाती पिटेल, तुळशीला शाप देईल, चंदरचं तोंड ओरबाडेल असं प्रत्येकाला वाटलं.

“सोनूबाय,” काळूराम पाटील चाचरत म्हणाला, “भरती चाललीया. नारळ...”

“ऱ्हाऊ दे नारळ.”

ती पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत बसली आणि हाताला धरून तिनं तुळशीलाही शेजारी बसवलं. नामाची आई येऊन त्यांच्यामागे बसली, मग शिवदासची बायको, मग आणखी बायका, नव्या लुगड्यांची पर्वा न करता. पुरुष उभेच होते, पण कुणी गेलं नाही.

“चंदर, हितं म्होरं ये,” सोनूबाई म्हणाली. “माजा पोर काय काय बोलला, सगळं सांग. काय बी गाळू नको. पयल्यापासून सांग.”